टंच

हुपरीत कुणालाही विचारा, म्हणतील,
आदगोंडा टंचवाला खोटं सांगत न्हाई.
बत्तीस वर्षं हेच केलं.
कुणी लगडीचा कोपरा आणतं, कुणी मोडीतलं कडं,
मी दाण्याएवढा तुकडा काढतो,
तेजाबात सोडतो, धूर जाईपर्यंत थांबतो,
मिठाच्या पाण्याचे थेंब मोजतो
आणि चिठ्ठीवर आकडा लिहितो.
साठ. बासष्ट. अठ्ठ्याऐंशी.
लिहिताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही,
हे वडिलांनी शिकवलं.

त्रिशलाच्या कमरेच्या हाडातला मगज
चमचाभरही नव्हता.
शाहूपुरीतल्या दवाखान्यातून
बर्फाच्या डब्यात बसून बेंगळुरूला गेला.
एकोणीस दिवस लागले.
आमच्याकडे तासाभरात चिठ्ठी मिळते,
काउंटरवरच्या पोराला मी म्हणालो.
तो हसला नाही. बरोबरच आहे.

रिपोर्ट अकरा पानांचा.
डॉक्टर शिंत्रेबाईंनी नवव्या पानावर बोट ठेवलं.
नाव मोटारसायकलच्या नंबरासारखं,
एफ एल टी थ्री.
"रक्ताचा कॅन्सर एकाच जातीचा नसतो, काका.
कुठला जनुक बिघडलाय, त्यावर त्याचा जोर ठरतो.
हा असला की आजार परत यायला बघतो.
म्हणून नुसत्या किमोवर थांबायचं नाही.
सोबत ह्या जनुकावरची गोळी,
आणि पुढं त्यांच्या भावाचा मगज जुळतो का बघू."
बिघडलाय म्हणजे काय, मी विचारलं.
त्यांनी कागद उलटा करून साखळी काढली,
कडी, कडी, कडी.
"हा तुकडा लागोपाठ दोनदा आलाय. एवढंच."

एवढंच.
पैंजण ओवताना हात चुकतो, कडी दुहेरी पडते.
त्रिशला उजेडाला धरून ओळखायची,
नखानं उचकटायची.
घुंगरं जोडून जोडून अंगठ्याला घट्टा पडलाय तिच्या,
डझनाला चाळीस पैसे मिळायचे तेव्हापासूनचा.
आत कुठं कडी दुहेरी पडली,
तेवढी तिला दिसली नाही.

शिंत्रेबाई बोलताना सरळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या.
मला वाटलं, ह्यांना कुणी शिकवलं नाही का?
मग वाटलं, बत्तीस वर्षांत
किती तोंडं बघायची राहिली आपली.

संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या.
कट्ट्यावर धारोष्ण दूध, फेसासकट पेला.
लग्न ठरल्यावर तिला पहिल्यांदा इथंच आणलेली,
मिशी आली म्हणून हसलो होतो.
आता कच्चं काही चालत नाही, पेशी उतरल्यात.
मास्कमधूनच वास घेतला तिनं.
म्हणाली, तुम्ही प्या, मी बघते.
अर्धाच गेला.

"किती निघालं वो माझं टंच?"

चिठ्ठी मुठीत धरून
मी पहिल्यांदाच असा उभा.
"हलकं निघालंय," म्हणालो,
तिच्या तोंडाकडे बघून.

ती बराच वेळ म्हशीच्या शेपटीकडे बघत राहिली.
"साठ टंचाचं पैंजण टिकतंय," म्हणाली,
"शंभराचं मऊ. महिन्यात वाकतंय."
चांदीला हे खरं आहे.
जनुकाला खरं आहे का, मला ठाऊक नाही.
शिंत्रेबाईंना विचारायचं राहिलं.

सोमवारी तिचा भाऊ येतोय रायबागहून, तपासणीला.
लहानपणी विहिरीत ढकललं होतं म्हणे तिनं त्याला,
आता आठवतंय तिला.

म्हशीनं मान झटकली, गळ्यातली घंटा वाजली.
पितळ, ती म्हणाली.
न्हाई, कासं हाय ते, मी म्हणालो.
पितळच.
आवाज ऐक की जरा.
स्टँड येईस्तोवर रिक्षात
आम्ही तेवढ्यावरच भांडत होतो.